सावळीराम आणि पार्टी

‘बा भीमा’ म्हणायला सावळीरामने मान मागे टाकली, उजवा हात कानाशी नेला, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही.

जयंतीचा महिना होता. कळवणच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या ओट्यावर, दिवेलागणीला कार्यक्रम नुकताच रंगात आला होता. पुढे पोरंसोरं, त्यांच्यामागे बाया, कडेने उभे पुरुष, लिंबाला बांधलेला कर्णा. काळूने ढोलकी चढवत चढवत अशा ठिकाणी आणून ठेवली होती, की आता वरचा सूर आला नाही तर ढोलकीने जायचं कुठे, असा प्रश्न पडावा. रंगनाथची बोटं पेटीवर त्या सुराशी येऊन थांबली होती. आणि ज्याच्यासाठी एवढी तयारी, तोच सूर गैरहजर. सावळीरामच्या गळ्यातून नुसती हवा बाहेर पडली.

विमलाबाई, त्याची बायको, त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर बसलेली होती. डोक्यावर पदर, हातात खंजिरी. ती गायनपार्टीतली कोरसची बाई. गायकाने ओळ म्हणायची, कोरसने ती मागून झेलायची आणि परत गायकाच्या हवाली करायची. माईक गायकाचा, टाळ्या गायकाच्या. त्या वेळी तिने विचार वगैरे काही केला नाही. चुलीवरचं दूध उतू जायला लागलं की हात आपोआप पुढे होतो, तसा तिचा आवाज पुढे झाला. ‘बा भीमा’ तिने उचललं, सावळीराम रोज जिथे नेऊन ठेवायचा तिथे नेऊन ठेवलं, आणि तो धरायचा तेवढा वेळ धरून राहिली. सावळीरामचं तोंड उघडंच होतं. हात कानाशीच होता.

‘वा रं वा, सावळीराम!’ मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्याने पुढे येऊन सावळीरामच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

विमलाबाईचा आवाज लहानपणापासून जाड. माहेरी तिला ‘बाप्या’ म्हणून चिडवत. अंधारात हाक मारली की लोकांना वाटे, घरातला गडीमाणूसच बोलला. या आवाजापायी तिने आयुष्यभर टोमणे खाल्ले होते. त्या संध्याकाळी मात्र त्या आवाजाने पार्टीची लाज राखली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त चौघं पाठीमागच्या बाकावर बसले. रंगनाथने नेहमीप्रमाणे गोधडीत गुंडाळलेली पेटी मांडीवर घेतली होती. काळूच्या पोटात काही राहत नसे. तो तोंड उघडणार, तोच रंगनाथने त्याचा गुडघा दाबला. सावळीराम खिडकीबाहेर बघत होता.

‘घसा बसला व्हता,’ तो तसाच बाहेर बघत म्हणाला. ‘पाणी बाधलं वाटतं हिकडचं.’

‘आल्याचा तुकडा धरा दाढंत,’ विमलाबाई म्हणाली.

नवरा-बायकोत या विषयावर जे काही बोलणं झालं, ते एवढंच.

सावळीराम नाशकाच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होता. पहाटे उठून गल्लोगल्लीचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि दुपारी बंद करायचे, ही त्याची नोकरी. लोखंडी चावी खांद्यावर टाकून चालता चालता त्याला गाणी सुचत. लिहायचा कंटाळा, घरी येऊन तो विमलाबाईला म्हणून दाखवी आणि ती ध्यानात ठेवी. सगळ्यात गाजलेलं गाणं त्याने आईवर बांधलं होतं. त्याची आई भिमाबाई तरुणपणी गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन तासन्‌तास उभी राहायची. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर बाई तशीच घरी. शहरभर पाणी सोडणाऱ्या या माणसाला ती घागर विसरता येत नव्हती.

‘काठावर उभी माय, रिकामी घागर हाती,
बा भीमा, तुझ्या हाकेनं भिजली कोरडी माती.’

सिन्नर, चांदवड, कळवण, कुठेही जा, हे गाणं आधी मागत. ज्या गावात आपल्या लोकांना विहिरीवर अजून घागर लावता येत नव्हती, तिथे तर ते दोन-दोनदा म्हणावं लागे. आणि त्या गाण्याचा सगळा जीव त्या ‘बा भीमा’त होता. तो सूर इतका वर होता, की तिथे जाणारा गायक अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही असं लोक म्हणत. ते खरंही होतं. सावळीरामचा आवाज ऐन भरात असताना ज्यांनी ऐकला, ते अजूनही कानाची पाळी धरून त्याचं नाव घेतात.

तो आवाज आता चालला होता. आधी महिन्यातून एखाद्या कार्यक्रमाला दगा द्यायचा, मग एकाआड एक, मग दर वेळी. रंगनाथने एकदा भीत भीत सुचवलं, ‘पट्टी उतरवू का रं थोडी? दोन सूर खाली घेतलं तर कुनाला कळनार नाय.’

‘मला कळंल,’ सावळीराम म्हणाला, आणि पेटीची पट्टी आहे तिथेच राहिली.

मग एके दिवशी काळूने कार्यक्रमाआधी माईकचा दांडा वीतभर मागे, विमलाबाईच्या बाजूला सरकवून ठेवला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. सावळीरामने ते पाहिलं, दांड्याला हात लावला, आणि तसाच राहू दिला. त्या दिवसापासून सगळं ठरून गेलं. सावळीराम खालच्या ओळी जमेल तशा म्हणायचा. सूर वर चढायला लागला की मान मागे टाकायचा, कानाशी हात न्यायचा, तोंड उघडायचा. आणि पाठीमागे पदराआडून विमलाबाई गायची. कर्ण्याच्या खरखरीत, ढोलकीच्या दणक्यात, समोरच्या माणसाला काय दिसणार? त्याला सावळीरामच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरा दिसत, आणि त्या तर खोट्या नव्हत्या.

सावळीरामचा आवाज गेला एवढं बाहेर कळलं असतं तर पार्टी बसली असती. आवाज गेलेल्या गायकाला कोण बोलावतं? आणि पार्टी बसली असती तर सावळीराम त्याच दिवशी मेला असता, हे विमलाबाईला स्वच्छ दिसत होतं. व्हॉल्व्ह उघडणारा माणूस रस्त्याने जाताना कुणी ओळख देत नाही. चांदवडच्या स्टँडवर मात्र चहावाला उठून त्याला जागा द्यायचा. तेवढ्यावर तो जगत होता. म्हणून ती गायची आणि मूग गिळून बसायची.

पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. तिला ते गोड लागायला लागलं होतं. घरात बसून कारखान्याच्या विड्या वळताना तिचं लक्ष पुढच्या कार्यक्रमाकडे असे. त्या वरच्या सुरावर पाऊल टाकलं की सगळं गाव गप्प होई, आणि ती शांतता आपण पाडली आहे हे तिला कळे. ज्या आवाजाला माहेरी हसले, त्या आवाजासाठी बाया डोळ्याला पदर लावत होत्या. कधी कधी सावळीरामचा घसा जरा बरा असला आणि ती ओळ त्याची त्यानेच नेली, तर तिला काहीतरी हुकल्यासारखं वाटायचं. मग स्वतःचीच शरम वाटायची. नवरा हातचा चाललाय आणि आपल्याला हे काय सुचतंय, असं म्हणत ती खाली मान घालून पानं कातरत बसे.

एक्याऐंशीच्या सुरुवातीला घशात झालेली गाठ बाहेरून हाताला लागू लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे विजेचे शेक दिले, गळ्याची कातडी काळी पडली, आणि विडी सोडा असं सांगून परत पाठवलं. विडी सोडा! विमलाबाईने वळलेल्या विड्यांतल्याच फाटक्या-तुटक्या विड्या तो वीस वर्षं ओढत आला होता. मोजून द्यायच्या विड्यांतून बाद झालेल्या ती त्याच्यासाठी बाजूला ठेवायची, प्रेमाने. घरी आल्यावर तिने विड्यांचं सूप उचललं, तंबाखूचा डबा उचलला, आणि परत खाली ठेवला. वळल्या नसत्या तर चूल कशावर पेटली असती?

त्याच दिवसांत सावळीरामच्या डोक्यात कॅसेट शिरली. गावोगावी टेपरेकॉर्डर आले होते. दुसऱ्या पार्ट्यांच्या कॅसेटी जत्रेत, मेळाव्यात विकायला असत.

‘एक कॅशेट निघू दे,’ तो घोगऱ्या, तुटक्या आवाजात म्हणायचा. ‘मंग काय व्हायचं ते होवो. मानूस जातो, कॅशेट ऱ्हाती.’

मेन रोडच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने दुकानाच्या माडीवर भिंतींना गोणपाटं ठोकून रेकॉर्डिंगची खोली केली होती. एका दुपारी चौघं तिथे गेले. खोलीत पंखा नव्हता. त्याचा आवाज टेपमध्ये येतो म्हणे. घामाच्या धारा लागलेल्या. रेकॉर्डिंगवाल्याने सगळ्यांच्या जागा लावल्या आणि विमलाबाईला म्हणाला, ‘बाई, तुम्ही जरा बाहेर बसा. आधी मेन आवाज घेऊ, कोरस मागून भरू.’

रंगनाथ पेटीच्या पट्ट्यांकडे बघायला लागला. काळूने ढोलकीची दोरी उगाच ओढली.

‘ती हितंच बसंल,’ सावळीराम म्हणाला. ‘माझ्या मागं.’

‘अहो, पण माईक एकच आहे. बाईंचा सगळा आवाज आत येईल ना.’

‘येऊ द्या.’

रेकॉर्डिंगवाल्याने खांदे उडवले आणि टेप सुरू केली. पहिली ओळ सावळीरामने धरली. त्या ओळीच्या निम्म्यावरच त्याचा श्वास संपला. विमलाबाईने ती पुरी केली, आणि मग पुढची ओळ, आणि पुढचं कडवं. आता फक्त वरचे सूर नव्हते, सगळं गाणंच तिच्याकडे आलं होतं. सावळीराम समोरच्या गोणपाटाकडे बघत नुसते ओठ हलवत होता. समोर लोक नव्हते, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. तरी त्याने ‘बा भीमा’ला मान मागे टाकली आणि हात कानाशी नेला. ते पाहिलं तरी विमलाबाईने सूर हलू दिला नाही.

टेप थांबली. रेकॉर्डिंगवाल्याने कानावरची यंत्रं काढली. एकदा सावळीरामकडे पाहिलं, एकदा विमलाबाईकडे.

‘कव्हरवर नाव काय टाकू?’ त्याने हळूच विचारलं.

सावळीरामने मागे वळून बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. विनवणी होती म्हणावं, तर लाजही होती. तिने दुसरं काही सांगितलं असतं तरी त्याने मान हलवली असती, असंही तिला पुष्कळदा वाटे.

‘आता हे काय इचारनं झालं?’ विमलाबाई म्हणाली. ‘सावळीराम आणि पार्टी. समद्या जिल्ह्याला ठावं हाय.’

रेकॉर्डिंगवाल्याने तसं लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सावळीराम चुलीपुढे बसला. आयुष्यात चुलीशी न गेलेला माणूस. त्याने आलं ठेचलं, गूळ टाकून पाण्याला उकळी आणली, पितळी पेला भरला आणि विमलाबाईपुढे ठेवला. कार्यक्रमाहून आल्यावर ती रोज त्याच्यासाठी करायची तसाच. ती प्यायला लागली. तो समोर बसून बघत होता. पाणी जरा जास्तच तिखट झालं होतं, पण तिने तळापर्यंत संपवलं.

कॅसेट आली तेव्हा त्याचं बोलणं पुरतं बंद झालं होतं. मग गिळणंही बंद झालं. ब्याऐंशीच्या थंडीत तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारापुढे मांडव घातला. त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं बोलले, मग वस्तीतल्या पोरांनी टेपरेकॉर्डर आणून कॅसेट लावली. पहिल्याच ओळीला मांडव हलला. पुरुष डोळे पुसायला लागले. ‘बा भीमा’ आलं तेव्हा तर सखुबाई, शेजारीण, हंबरडा फोडून विमलाबाईच्या गळ्यात पडली.

‘ऐक गं बाई, ऐक! मानूस गेला, पन आवाज कसा जित्ता हाय बघ!’

विमलाबाई स्वतःचा आवाज ऐकत बसली. तिला रडू येत होतं, पण आपण नेमकं कशासाठी रडतोय हे कळत नव्हतं. मांडवातल्या एवढ्या माणसांत एकटी भिमाबाई, सावळीरामची आई, रडत नव्हती. म्हातारी कान देऊन ऐकत होती. गाणं संपल्यावर ती काठी टेकत टेकत सुनेजवळ आली आणि तिच्या कानाशी वाकली.

‘त्ये बंद कर म्हनावं,’ ती म्हणाली.

‘का वो आत्या?’

‘तुझा आवाज हाय त्यो. मी नऊ म्हैने पोटात वागवला त्याला, मला शिकवू नका. माझ्या लेकाचा आवाज कुठंय?’

सावळीरामचा ऐन भरातला आवाज कुणी कुठेच धरून ठेवला नव्हता. तो कळवणच्या, सिन्नरच्या, चांदवडच्या ओट्यांवर उधळून झाला होता. कॅसेट निघेपर्यंत त्याचं फक्त नाव उरलं होतं. विमलाबाईला त्या वेळी पहिल्यांदा उमगलं, की ‘सावळीराम आणि पार्टी’ असं म्हणून आपण त्याला राखलं, असं आपल्याला वाटत होतं. पण त्या नावाखाली तोही नव्हता आणि आपणही नव्हतो.

तिने उठून टेप बंद केली. लोक म्हणाले, बाईला सोसवेना.

पुढे कॅसेट खूप चालली. लग्नात, गृहप्रवेशाला, जयंतीला, रिक्षात, हॉटेलात. लोकांना शब्द पाठ झाले. पण पार्टीला बोलावणं येईना. गायकच नाही तर पार्टी कसली. काळू लग्नाच्या बँडात वाजवायला जाऊ लागला. शेवटी रंगनाथच एके दिवशी आला.

‘वयनी, तुमी गा. माईकपुढं बसून गा. मी पेटी धरतो, काळूला वढून आनतो. आवाज तुमचाच हाय, मंग कुनाच्या बापाची भीती?’

विमलाबाईने महिनाभर नाही-हो केलं, आणि सिन्नरजवळच्या एका वस्तीवर ती पहिल्यांदा माईकपुढे बसली. पदर डोक्यावर होता, पण तोंड लोकांकडे. तिने गायला सुरुवात केली. आडपडदा नव्हता, कुणाच्या ओठांकडे लक्ष ठेवायचं नव्हतं. ती आयुष्यात एवढं मोकळं कधी गायली नव्हती. लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर चहा पिताना मंडळाचे दोघं-तिघं पाठमोरे बोलत होते.

‘बाई नवऱ्याची नक्कल बरी करती.’

‘बरी करती, पन त्याची सर नाय. कॅशेट ऐक आन्‌ ही ऐक. त्याच्या गळ्यात जे व्हतं ते हिच्यात कुठून येनार?’

रंगनाथ कपबशी आदळून उठला. विमलाबाईने त्याची बाही धरली.

‘बसा भाऊ.’

‘बसा काय बसा? आत्ता सांगतो त्यान्ला. कॅशेटीत कोन गातंय त्ये सांगतो.’

‘काय सांगसाल? मानूस नुस्तं त्वांड हालवीत व्हता, लोकान्ला फशवीत व्हता, आसं? मेलेल्याला चव्हाट्यावर उभं करनार तुमी?’ तिचा आवाज चढला नव्हता, पण रंगनाथ बसला. ‘त्यानं काय सुखानं हालवलं का त्वांड? पिवा चहा.’

चहा तिलाही गेला नाही. आपलाच आवाज, आणि आपणच त्याची नक्कल. रागाने तिचे कान तापले होते, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सावळीराम असता तर त्याच्यावर काढला असता. पण तो असता, तर हा प्रश्नच आला नसता.

त्र्याऐंशीच्या शेवटी चांदवडकडच्या एका गावातून वाल्मीक नावाचा तरुण निरोप घेऊन आला. सावळीरामच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम त्या गावाने ठरवला होता. ‘दुपारचा ठिवलाय, आजूबाजूच्या गावचे लोक येतील. तुमी यायलाच पायजे, वयनी.’

निघायच्या दिवशी सकाळी भिमाबाई ओट्यावर उन्हाला बसली होती. तिला आता दिसत कमी होतं, कान मात्र तिखट. गेले कित्येक दिवस विमलाबाई विड्या वळता वळता शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा गुणगुणत होती, ते तिने ऐकलं होतं.

त्या कडव्याची गोष्ट अशी. आमच्याकडे गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. ते नाव म्हणजे त्याचा सातबारा. दुसऱ्याने ते काढायचं नसतं, काढलं तर चोर म्हणतात. या गाण्याचा शेवट ‘सावळीराम सांगे जना, विसरू नका ती माती’ असा होता. विमलाबाईने तो हजारदा म्हटला होता. आणि हल्ली विड्यांच्या सुपाशी बसून ती तिथे दुसरं काहीतरी म्हणून बघत होती, मग जीभ चावत होती.

‘घाल की तुझं नाव,’ भिमाबाई म्हणाली.

विमलाबाई दचकली. ‘कसं घालू आत्या? गानं त्यान्‌चं हाय. शबुद त्यान्‌चं हायेत.’

‘शबुद त्याचं. गळा कुनाचा?’ म्हातारीने तोंड उन्हाकडे वळवलं. ‘माझ्या लेकाचा आवाज तर वाऱ्यावर गेला. तुझा तरी तुझ्या नावावर ऱ्हाऊ दे. येकाचं तरी ऱ्हावं.’

एस.टी. चांदवडला पोचेपर्यंत विमलाबाईने ओळ पक्की केली. ‘सांगे’ म्हणायचं नाही; सांगणारा तो होता. ‘विमलाबाई गाते जना.’ एवढंच म्हणायचं. त्यात चोरी नव्हती, खोटंही नव्हतं. चालीतही चपखल बसत होतं. रंगनाथला तिने काही सांगितलं नाही. तिचा जीव मात्र नव्या नवरीसारखा धडधडत होता, आणि या वयात असं धडधडतंय याचं तिला हसूही येत होतं.

कांदा साठवायच्या चाळींच्या पलीकडे, विहारापुढच्या पटांगणात मांडव होता. माणूस मावत नव्हता. स्टेजवर गेल्यावर विमलाबाई थबकली. माईकपुढे एक खुर्ची होती. खुर्चीवर सावळीरामचा मोठा फोटो, त्याला गुलाबाचा हार. माईकचा दांडा फोटोच्या तोंडाशी लावलेला.

‘वयनी,’ वाल्मीक हात जोडून म्हणाला, ‘तुमी मागं बसा, तुमच्या नेहमीच्या जागंला. माईक सावळीरामआन्नापुढंच ऱ्हाऊ द्या. लोकान्ला बरं वाटंल. तुमचा आवाज येतोच की तिथून.’

रंगनाथने तिच्याकडे पाहिलं. पुढे होऊन तिने फोटोला फूल वाहिलं, नमस्कार केला आणि खुर्चीच्या पाठीमागे, हातभर अंतरावर जाऊन बसली. पदर डोक्यावर घेतला, खंजिरी हातात घेतली. समोर खुर्चीची पाठ होती, आणि तिच्या पलीकडे लोकांची तोंडं.

गाणं सुरू झालं. काळूने ढोलकी चढवली, रंगनाथची पेटी त्याच जुन्या पट्टीत होती. ‘बा भीमा’ तिने उचललं तेव्हा बायांनी फोटोकडे बघून हात जोडले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, ‘आत्ता उठून गाईल बघ फोटूतून.’ कडव्यामागून कडवी गेली. लोक प्रत्येक ओळ बरोबरीने म्हणत होते, कॅसेटीने त्यांना पाठ करून दिली होती.

शेवटचं कडवं आलं. विमलाबाईने खंजिरी मांडीवर ठेवली, श्वास घेतला, आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणाली, ‘विमलाबाई गाते जना…’

त्याच क्षणाला अख्खा मांडव हात वर करून गर्जला, ‘सावळीराम सांगे जना!’

पोरं उभी राहिली, बाया रडू लागल्या, कुणीतरी फोटोवर फुलं उधळली. तिचं नाव त्या गर्जनेत कुठे गेलं ते तिलासुद्धा ऐकू आलं नाही. फक्त पेटीचा एक सूर भलतीकडेच वाजला. काळूने चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत रंगनाथचं बोट पहिल्यांदा चुकलं होतं. तो विमलाबाईकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

विमलाबाईने पदर सारखा केला आणि खंजिरी पुन्हा हातात घेतली. लोकांची ओळ पुरी होऊ दिली. मग ‘विसरू नका ती माती’ ही पुढची ओळ तिने त्यांच्या मागून म्हटली, कोरसमध्ये म्हणतात तशी.